पडलेल्यांची मतं

मार्करचा उग्र वास आला की मला मस्कतमधलं कुरुमचं ऑफिस आठवतं. आमचे साहेब अमेरिकन. त्यांच्याकडे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची निवडणूक राज्याराज्यांत चालली होती, आणि प्रत्येक निकाल पांढऱ्या फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे होतं. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, अक्षरही सुरेख. एकदा माघार घेतलेल्याचं नाव मी गाळलं, तर साहेब म्हणाले, "नो, नो, लिही. लोकांनी मतं दिलीत त्याला." त्याच आठवड्यात गावी बाबा ग्रामपंचायतीला पडले. शुक्रवारी सुट्टीला मी फोन लावला, तर ते फोनवर येईनात. "मतं किती मिळाली?" मी आईला विचारलं. "पडलेल्याची मतं कशाला हवीत तुला?" आई वैतागली. मी म्हटलं, "इथे पडलेल्याचीही फळ्यावर लिहितात. मीच लिहितो." आईने ते मोठ्याने सांगितलं, तसा मागून बाबांचा आवाज आला, "सतरा म्हणावं! आणि तुझं त्यात नाही, ठाऊक आहे मला!" "गप बसा हो, दिलं होतं मी," म्हणत आईने हसत रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. मग फोनकार्ड संपेपर्यंत बाबा मला कोणाकोणाचं मत मिळालं ते सांगत राहिले. अजूनही टीव्हीवर निकाल लागले की माझी नजर आधी सगळ्यात खालच्या नावावर जाते, आणि गावचा तो नंबर लावावासा वाटतो. नंबर पाठ आहे. उचलायला बाबा नाहीत.