पुंजाजीची जुनी रायफल

पुंजाजी आणि त्याची धाकटी भावजय कोकिळा, दोघंही आता राहिले नाहीत, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

धाडजवळच्या त्या गावात मी शाळेवर गेलो तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि बंदुकीचा परवाना बुलढाण्याहून मिळे. पुंजाजी आणि त्याचा भाऊ मोतीराम यांचा विहिरीवर मळा होता. वांगी, मिरची, मेथी. मोतीराम बडबड्या, गाणारा. पुंजाजी अबोल. तरुणपणी त्यानं मलकापूरच्या एका कापसाच्या जिनात फिटरच्या हाताखाली काम केलं होतं, त्यामुळे कुठलीही वस्तू बिघडली की ती उघडून बसायची त्याला सवय होती.

मळ्यात कोल्हे आणि सायाळ फार येत. म्हणून त्यानं एका म्हाताऱ्या रेंजरकडून लहान गोळीची जुनी रायफल घेतली. गावानं तिची टिंगल केली. शेजारचा रंगराव तर पारावरून ओरडायचा, "पुंजाजी, त्या बंदुकीनं कोल्हा मरत नाही बे, हसून हसून लोळते!" मोतीराम उत्तर द्यायचा, "लोळू दे ना रंगरावभाऊ, लोळला का मंग तुमी काठी घेऊन या!" पुंजाजी नुसता हसायचा. भादव्यात त्यानं त्याच रायफलीनं दोन कोल्हे पाडले, तेव्हा रंगराव गप्प झाला.

मार्गशीर्षातल्या एका थंड सकाळी पिसाळलेलं कुत्रं मळ्यात शिरलं. बाया मिरच्या तोडत होत्या. पुंजाजीनं खोपीतून रायफल आणली, नेम धरला, चाप ओढला. नुसता टक् असा आवाज झाला. त्यानं काडतूस बदललं. पुन्हा टक्. तेवढ्यात कुत्रं बायांकडे वळलं, म्हणून मोतीराम खुंटा उपसून मध्ये धावला. कुत्र्यानं उडी घेतली ती त्याच्या तोंडावर. रंगरावानं कुऱ्हाडीनं ते मारलं, पण मोतीरामचा गाल आणि ओठ फाटला होता.

त्याच दिवशी त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. पोटात सुया दिल्या, त्यानं सगळ्या घेतल्या. डॉक्टर म्हणाले, दंश डोक्याच्या फार जवळ आहे. पौष संपायच्या आत मोतीराम पाण्याचा गडू पाहून तोंड फिरवू लागला, आणि मग गेला.

त्या घरात मोतीरामची बायको कोकिळा भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नसे. तिकडे तशी रीतच होती. पदर पुढे ओढायचा आणि काही सांगायचं असलं तर जावेच्या तोंडून सांगायचं. तेरावं झाल्यावर मी भेटायला गेलो, तर आतून तिचा आवाज आला.

"बाई, त्यायले पुसा, बंदूक काऊन नाही चालली?"

पुंजाजीची बायको मनकर्णाबाई दारात आली. आम्ही ऐकलं होतं, तरी तिनं तेच पुन्हा विचारलं. पुंजाजी म्हणाला, "पाहून सांगतो म्हणा."

पुढं रोज हाच प्रश्न. जेवणाचं ताट आलं की प्रश्न, पाणी आलं की प्रश्न. मनकर्णाबाई रडकुंडीला आली. "पाहून टाका ना एकदाची," ती म्हणाली. "मले आता तिच्या तोंडाकडे पाहवत नाही." पुंजाजीला त्या रायफलीला हात लावायचा धीर होत नव्हता. शेवटी एका रविवारी त्यानं मला बोलावून घेतलं आणि ओसरीवर जुनं धोतर पसरलं.

आधी त्यानं न उडालेली दोन्ही काडतुसं मला दाखवली. या काडतुसांच्या बुडाच्या कडेत मसाला असतो. आतला खिळा त्या कडेवर जोरानं बसला तरच बार उडतो. दोन्हींच्या कडेवर खूण होती, पण नखानं टेकवल्यासारखी. भादव्यात उडालेली एक रिकामी पुंगळी त्यानं शेजारी ठेवली. तिच्यावर खोल खाच होती.

"दारू ओली नव्हती, गुरुजी. ठोकाच कमी पडला."

मग तो क्रमानं गेला. नळीचं तोंड पुसून काडतूस बसवून पाहिलं. ते पूर्ण आत जात होतं. स्प्रिंग काढून दाबली. तिच्यात जोर होता. खिळ्याचं टोक अंगठ्यानं चाचपलं. तेही शाबूत. पण खिळा ज्या नळकांड्यात मागं-पुढं सरकतो त्यात तो अडत होता. पुंजाजीनं त्यात बारीक तार घातली आणि बाहेर ओढली. तारेला लालसर, कडक पापुद्रे आले.

त्यानं एक पापुद्रा नखावर घेऊन वास घेतला. मग आतल्या दाराकडे पाहिलं.

"जिनात नळाच्या सांध्याले आमी हेच भरत होतो," तो हळू म्हणाला. "जवसाच्या तेलात शेंदूर. वाळला का दगड होते."

"पण बंदुकीत कुठून आला?"

"खंडेनवमीले."

त्या वर्षी हत्यारांच्या पूजेच्या दिवशी मनकर्णाबाई विटाळामुळे बाजूला बसली होती, म्हणून पूजा कोकिळानं केली. तिच्या हातची पहिली पूजा. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळ्यांना तिनं तेलातला शेंदूर लावला, आणि रायफलीला भरभरून, कारण मळ्याची राखण तीच करत होती. वरचा शेंदूर पुंजाजीनं नंतर पुसला. आत ओघळलेला त्याला दिसला नाही.

त्यानं नळकांडं घासलेटनं धुतलं, चिंधीनं पुसलं, सगळं जोडलं, आणि परसात जाऊन मातीच्या ढिगावर चाप ओढला. पहिल्याच खेपेला बार झाला.

आवाज ऐकून कोकिळा बाहेर धावत आली. पदर खांद्यावर होता. जावेकडे तिनं पाहिलंही नाही. ती पहिल्यांदाच भासऱ्याशी बोलली.

"आज कशी चालली? काय झालं होतं तिले?"

पुंजाजीनं हातातली लाल चिंधी मुठीत दाबली.

"खिळा झिजेल होता. मी घासून नीट केला. घेतानाच पाह्याले पाह्यजे होतं, मी पाह्यलं नाही. चूक माही हाय."

मनकर्णाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"मंग तुमीच मारलं त्यायले," कोकिळा म्हणाली. ओरडून नाही. मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि आत गेली.

त्याच आठवड्यात तिचा भाऊ लोणारहून गाडी घेऊन आला. मनकर्णाबाई तिच्या गळ्यात पडली, पण ती थांबली नाही. पुंजाजीनं रायफल बुलढाण्याला जमा केली आणि परवाना परत दिला. मिरच्या निघाल्या की तो दरवर्षी लोणारला एक पोतं पाठवायचा. ते तोंड न उघडता परत यायचं. गावात लोक म्हणत, मोडकी बंदूक घेऊन सख्खा भाऊ घालवला. रंगरावही म्हणाला एकदा. पुंजाजी ऐकून घेई.

एका उन्हाळ्यात शाळा तपासणीच्या कामानं मी लोणारला गेलो होतो. कोकिळा भावाच्या दारात ज्वारी पाखडत होती. तिनं मला पाणी दिलं, मनकर्णाबाईची चौकशी केली. भासऱ्याचं नाव काढलं नाही.

परत आल्यावर मी पुंजाजीला मळ्यात गाठलं. "आता तरी सांगून टाक," मी म्हणालो. "इतकी वर्षं झाली."

तो वांग्याच्या वाफ्याला पाणी सोडत होता. वाफ्याचं मातीचं दारं मोडून त्यानं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं आणि मग विचारलं,

"गुरुजी, तुमी तिले पाहून आले. रात्री झोप तं लागत असन ना तिले?"

"लागत असेल," मी म्हणालो.

"मंग राहू द्या," पुंजाजी म्हणाला.