काचमामा आणि न केलेली काच

चहात माशी दिसल्यावर माणसाचं जसं तोंड होतं, तसं काचमामांचं सकाळी आठपासून असायचं. शिरूरच्या एसटी डेपोमागच्या लॅबमध्ये मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. तेवढ्या काळात ते तोंड सरळ झालेलं मी फार तर दोनदा पाहिलं असेल.

रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघायचा, हा त्यांचा धर्म. म्हणून ते काचमामा. मशीन आलं आणि बाकीच्यांनी काच करणं सोडलं. मशीन आकडे छापायचं आणि खाली 'काचेवर पेशी पाहिल्या, विशेष दोष नाही' हे वाक्य कॉम्प्युटर आपोआप टाकायचा. मामा असा कागद मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरायचे आणि विचारायचे, "बघितलं का?" उत्तराच्या आधीच तोंडावर किळस तयार. "उष्टं वाक्य हाय ह्ये," म्हणायचे. "दुसऱ्यानं चघळून थुकल्यालं तू पेशंटच्या ताटात वाढतुयास."

कासुर्डीचे एक आप्पा लेकीकडे शिरूरला आले होते. घराण्यात पूर्वी मेंढरं, आता शेती. आठ महिने अंगात ताकद नाही, सारखा ताप, डाव्या कुशीत पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट दगडासारखं. कुणी टायफॉइड म्हटलं, कुणी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. पिशवीत चार लॅबचे चार रिपोर्ट आणि चारींच्या खाली तेच वाक्य. पाचवा मी काढला. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही कमी. जेवायची वेळ झाली होती. वाक्य तसंच राहू दिलं आणि सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मामांनी रिपोर्टची प्रत पाहिली.

"बघितलं का?"

"व्हय, मामा."

"काच दाव."

काच नव्हतीच. मी ती केलीच नव्हती. मामा ओरडले नाहीत. सिंकमध्ये थुंकले, हात धुतले आणि म्हणाले, "रक्त शिळं झालं आता. म्हातारा गावी गेलाय. कासुर्डीला जा, ताजं आण, न्हाईतर हिकडं येऊ नगंस."

चौफुल्याला एसटी बदलून मी गेलो. आप्पांनी खाटेवरून हात पुढे केला. "माझ्यापायी एवढ्या लांब आलात, साहेब," म्हणताना त्यांचे डोळे भरले. मला माझीच शिसारी आली. तरी आधीची काच मी केलीच नव्हती, हे काही त्यांना सांगितलं नाही.

ताजं रक्त घेऊन परतलो, त्या दुपारी मामांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा वर केला नाही. पांढऱ्या पेशी मुळात कमी, बऱ्याच वेळानं हवी ती एक सापडली. "ये. कडंला बघ." पेशीच्या कडेला बारीक केस फुटले होते, घोंगडीच्या दशांसारखे. "नाव आपण द्यायचं न्हाई. पुण्याला पाठव. पर तितंबी कुणी डोळ्यानं बघतं का, ते इचारूनच काच दे."

पुण्यात कमरेच्या हाडातला मगज ओढायला सुई घातली, ती कोरडीच आली. मग हाडाचा तुकडा काढला, पेशींच्या खास तपासण्या केल्या आणि निदान झालं: हेअरी सेल ल्युकेमिया. रक्ताचा कर्करोग, पण दुर्मीळ, सावकाश वाढणारा आणि औषधाला चांगली दाद देणारा. काही महिन्यांत आप्पा आपल्या पायांनी लॅबमध्ये आले.

येताना घरच्या लोकरीची घोंगडी आणली, माझ्यासाठी. घरी जाऊन रक्त मीच आणलं होतं, नव्या रिपोर्टवर सहीही मामांनी मलाच करायला लावली होती; त्यामुळे ती पेशी मीच शोधली, असं आप्पा समजत होते. मामा शेजारी उभे होते. मी घोंगडी घेतली.

पुढे मालकांनी मामांना शाल-नारळ देऊन घरी बसवलं, तेव्हा ती घोंगडी घेऊन मी त्यांच्या दारात गेलो.

"मामा, ही तुमची."

तेच तोंड. "आप्पांना सांगितलं का?"

"न्हाई."

"मग तुझं उष्टं मला कशाला वाढतुयास?" त्यांनी दार लावून घेतलं.

मामा गेल्या वर्षी वारले. घोंगडी माझ्या माळ्यावर घडीची घडी पडून आहे. आप्पा दर सहा महिन्यांनी रक्त द्यायला येतात. त्यांची काच मी स्वतः करतो, स्वतः बघतो. केसवाल्या पेशी अजून परत आलेल्या नाहीत. आप्पा दर वेळी रिपोर्ट घडी करून खिशात ठेवतात आणि विचारतात, "साहेब, तवासारखं तुमीच बघितलं न्हवं?"

"व्हय, आप्पा," मी म्हणतो आणि ते गेले की सिंकमध्ये थुंकून हात धुतो.