पाणीमंत्र्यांचा हुकूम

आमच्या शाळेत लोकशाही एसटीनं आली. शाळा उघडल्यावरच्या पहिल्याच सोमवारी गुरुजी पौडकडून येणाऱ्या गाडीतून उतरले, काखेत पेपर, आणि प्रार्थना झाल्या झाल्या म्हणाले, "मुलांनो, आजपासून आपल्या शाळेला मंत्रिमंडळ." आणीबाणी उठून निवडणुका होऊन गेल्या होत्या आणि पेपर वाचणाऱ्या सगळ्याच माणसांना त्या वर्षी लोकशाहीची उबळ आली होती. आम्हा पोरांना मंत्री म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मागं कधीतरी एक मंत्री मुळशीचं धरण बघायला आला होता आणि घाटातल्या वळणांनी त्याला उलटी झाली होती, एवढंच आमचं राजकारणाचं ज्ञान.

शाळा एका खोलीची, तीत चार इयत्ता आणि एक गुरुजी. मी चौथीत होते. गाव धरणाच्या काठावर, चढाला. जुनं गाव आज्या-पणज्यांच्या काळात पाण्याखाली गेलं, तेव्हा माणसं वर सरकली. खाली असताना पाणवठे दोन होते, गावाचा वेगळा आणि आमचा वेगळा. धरणानं भेदभाव न करता दोन्ही एकाच पाण्यात बुडवले. पण गाव हुशार. वर येताना त्यांनी वासे आणले, कौलं आणली, देव आणले आणि दोन पाणवठ्यांचा नियमही न भिजवता वर आणला.

आम्ही बौद्ध. गावाच्या कडेला आमची थोडी घरं, घरटी एक कोट-टाय घातलेली तसबीर. शाळेच्या ओसरीवर तिवईवर एक माठ असायचा, वर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं. गावातली पोरं ओगराळ्यानं पेल्यात पाणी घेऊन प्यायची. आम्ही वस्तीवरची पोरं ओसरीखाली उभी राहून ओंजळ करायचो आणि पाटलाची लेक वरून धार धरायची. ती माझ्याच वर्गात होती. धार धरण्यात तिचा हातखंडा होता, कधी कुणाच्या नाकात पाणी गेलं नाही. असं प्या म्हणून आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिलीत आलो तेव्हा पुढची पोरं तसं करत होती, आम्हीही केलं. पाढे शिकवायला गुरुजी लागले, हे शिकवायला नाही लागले.

मला ते ओगराळं हवं होतं. खडू नको, पाटी नको, पहिला नंबरही नको. माठात ओगराळं बुडवलं की 'डुबुक' असा एक आवाज व्हायचा, तो मला माझ्या हातानं करायचा होता. पहिलीपासून मी तो आवाज खाली उभी राहून ऐकत होते.

गुरुजींपुढं प्रश्न होता निवडणुकीचा. गावात पाटलांच्या भावकीचे दोन तट. मतदान घेतलं असतं तर पोरांच्या आधी बापच एकमेकांच्या उरावर बसले असते. म्हणून गुरुजींनी गावच्याच वळणानं वाट काढली. गावात बांधाचं भांडण असो नाहीतर सोयरीक, देवापुढं कौल लावायचा आणि येईल तो मानायचा, अशी रीत. गुरुजींनी सरस्वतीच्या फोटोला झेंडूचा हार घातला, सगळ्या पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या आणि पहिलीतल्या एका शेंबड्या पोराला उचलायला बसवलं. सगळ्या पोरांच्या म्हणजे अगदी सगळ्या. लोकशाहीच्या भरात माणूस कुठवर वाहवत जाईल, सांगता येत नाही.

पंतप्रधान झाला चौथीत दोनदा बसलेला एक दांडगा मुलगा. आरोग्यमंत्र्याची स्वतःचीच नखं काळी होती. बागमंत्र्याच्या वाट्याला झेंडूची चार रोपं आणि शेळीनं ओरबाडलेली एक जास्वंद आली. मग गुरुजी म्हणाले, "पाणीमंत्री," आणि त्या पोरानं माझी चिठ्ठी काढली.

गुरुजींनी चिठ्ठी वाचली. उलटी करून मागची बाजूही बघितली. मागं काही नव्हतं. मग ते म्हणाले, "टाळ्या." पोरांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांच्या डोक्यात अजून काही आलेलं नव्हतं, ते घरी गेल्यावर आलं.

संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पाणी भरायचंच काम दिलंय न्हवं? मग त्याला मंत्री कशापायी म्हणायचं?" पण सकाळी तिनं माझ्या डोक्याला दुप्पट तेल चोपडलं आणि वेण्या इतक्या घट्ट घातल्या की माझ्या भुवया वर गेल्या.

शाळेत ओसरीवर गावची मंडळी आधीच येऊन बसली होती. मध्यभागी पाटील.

"गुरुजी, आमचं काय म्हणणं न्हाई," पाटील म्हणाले. "सरकार म्हणतंय समदी सारखी, आमी बी तेच म्हणतो. पण घरात म्हातारी हाय. ती न्हाई ऐकायची."

दुसरा म्हणाला, "माझं बी तसंच हाय. म्हातारी लई कडक."

तिसऱ्याच्या घरीही म्हातारी होती. आमच्या गावात सगळे बापे पुढारलेले होते, पण प्रत्येकाच्या घरात एकेक म्हातारी दबा धरून बसली होती आणि या बिचाऱ्यांना सुधारू देत नव्हती. मला त्या वयातही हसू आलं. कारण यांच्यातला कुणी म्हातारीचं ऐकून बिडी सोडल्याचं काही माझ्या कानावर नव्हतं.

गुरुजींनी घाम पुसला. "मग पुन्हा चिठ्ठ्या टाकू."

आता मंडळींची पंचाईत झाली. चिठ्ठी सरस्वतीपुढं निघालेली. देवीनं दिलेला कौल वर्षाच्या आत फिरवला तर गावावर काय येईल ते येईल. "कौल न्हाई फिरवायचा," पाटील म्हणाले आणि बाकीच्यांनीही माना हलवल्या. एकीकडं विटाळ, दुसरीकडं देवीचा कोप, अशा दोन भिंतींमध्ये गाव चांगलंच चिणलं गेलं. आमच्या लोकांनी देव सोडले होते, आणि माझं मंत्रिपद राखलं ते सरस्वतीनं.

शेवटी तोडगा निघाला. राज्य चालवायची अक्कल या देशात कुणाला शिकवावी लागत नाही. मी पाणीमंत्रीच राहायचं. पण खात्याला एक उपमंत्री द्यायचा, पाटलाची लेक. माठ, ओगराळं आणि पेला तिच्याकडं. माझ्याकडं देखरेख. देखरेख म्हणजे काय, तर मधल्या सुट्टीत ओसरीच्या खाली उभं राहून म्हणायचं, "पाणी प्या." मला वाईट वाटू नये म्हणून गुरुजींनी फळ्यावर नियमच लिहिला : मंत्र्यांनी सांगितल्याशिवाय कोणी पाणी पिऊ नये.

गुरुजी सज्जन होते. फळ्यावर लिहिलं की झालं, असं समजणाऱ्या सज्जनांपैकी.

चार दिवस मी मुकाट्यानं "पाणी प्या" म्हणाले. सगळी प्यायची आणि मग मी, मंत्री, खाली वाकून ओंजळ धरायची. उपमंत्री वरून धार सोडायची. पाचव्या दिवशी माझं टाळकं सरकलं. सुट्टी झाली, पोरं माठाभोवती जमली आणि मी आकाशाकडं बघत उभी राहिले. बोललेच नाही. मला वाटलं होतं, कुणीतरी मला ढकलून पाणी पिईल. कुणीच पुढं झालं नाही. एका पोरानं हात घातला तर पाटलाच्या लेकीनंच त्याच्या हातावर ओगराळ्याचा दांडा मारला. "मंत्र्यांनी सांगितलंय का?"

पोरांचं हे असं असतं. मोठी माणसं फळ्यावर काहीही लिहितात आणि पाठ वळली की विसरतात. पोरं तेच खरं धरतात. त्यांच्या लेखी मी खरंच मंत्री होते. माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं, पण माझ्या शब्दाशिवाय पाणी नव्हतं, आणि यात काही चमत्कारिक आहे असं शाळेत एकालाही वाटत नव्हतं.

मग काय, मी महिनोन्महिने सत्ता भोगली. कुणी माझी खोडी काढली, की त्या दिवशी मी सावकाश बोलायची. पंतप्रधानानं एकदा मूठभर बोरं देऊ केली. मी बोरं घेतली, खाल्ली, बिया थुंकल्या आणि मग वेळ लावला. पण रोज शेवटी ती धार होती आणि माझी ओंजळ होती. मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, परकर भिजायचा आणि मला रडू येईल इतका राग यायचा. रडले मात्र नाही. मंत्री होते ना.

शिमग्याच्या सुमाराला तपासणी आली. विस्तार अधिकारी फाट्यावर उतरून चढ चालून आले, शर्ट पाठीला चिकटलेला. शाळेला नवी खोली हवी होती आणि शिफारस साहेबांच्या हातात, म्हणून सगळी मंडळी टोप्या घालून ओसरीवर हजर. साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आधी पाणी द्या बुवा."

गुरुजींनी खूण केली. पाटलाच्या लेकीनं पेला भरला आणि हातात धरून तशीच उभी राहिली. माझ्याकडं बघत.

"अगं दे की," गुरुजी म्हणाले.

"मंत्र्यांनी सांगितल्याबिगर न्हाई देता येत."

साहेबांना गंमत वाटली. "अरे वा! कोण आहे मंत्री?" शाळेतल्या झाडून सगळ्या बोटांनी मला दाखवलं. साहेब माझ्याकडं वळले. "मंत्रीबाई, तुम्ही असताना उपमंत्र्याच्या हातचं कशाला? तुम्हीच द्या."

"साहेब, तिच्याकडं देखरेख असते," गुरुजी घाईघाईनं म्हणाले.

"गुरुजी, घसा कोरडा पडलाय. देखरेख नको, पाणी हवंय."

पाटील आढ्याकडं बघायला लागले, जणू कौलं आजच बसवली होती. मी पायरी चढले. पाटलाच्या लेकीनं पेल्यातलं पाणी जास्वंदीला ओतलं आणि पेला, ओगराळं दोन्ही माझ्या हातात दिलं, खेळात डाव द्यावा तसं. मी झाकण काढलं. आत गारवा होता, ओल्या मातीचा वास होता. मी ओगराळं बुडवलं. डुबुक.

साहेब दोन पेले प्याले आणि म्हणाले, "काय गार आहे हो! पाटील, घ्या की."

पाटलांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा साहेबांकडं, आणि बहुधा एकदा मनातल्या मनात नव्या खोलीकडं. प्याले. घरची म्हातारी त्या घटकेला कुठं गेली कोण जाणे. दुसऱ्याला एकदम एकादशी आठवली. साहेब म्हणाले, एकादशीला पाणी चालतं. तोही प्याला. मी ओसरीवर फिरून सगळ्यांना पाणी दिलं, गुरुजींना सगळ्यात शेवटी. एक थेंब सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिवईवर कोरा माठ होता. जुना पायरीपाशी ठेवलेला.

"जुना गळत होता," गुरुजी माझ्या डोळ्यांकडं न बघता म्हणाले. "तू घरी घेऊन जा." मग त्यांनी फळ्यावरचा नियम पुसला. पाण्याला यापुढं परवानगी लागणार नव्हती. मंत्रिपद तेवढं राहिलं, कौलामुळं.

मी माठ कडेवर घेऊन घरी आले. आईनं भरून ठेवला आणि सकाळी खालची जमीन चाचपली. कोरडी ठणठणीत. "ह्याला गळका म्हणत्यात? डोळं फुटलं काय गुरुजीचं?" ती खूश झाली. एवढा चांगला माठ आम्हाला कुणी फुकट दिला नसता.

रविवारी दुपारी पाटलाची लेक आमच्या अंगणात उभी. आमच्या वस्तीवर ती पहिल्यांदाच येत होती.

"नव्या माठाच्या पाण्याला घाण वास येतोय," ती म्हणाली. "जुन्यातलं दे."

"तुझी आजी काय म्हणंल?"

"तिला कोण इचारतंय? तिला तर ऐकू बी येत न्हाई."

मी आत जाऊन पेला भरून आणला. बाहेर येऊन बघते तर ती अंगणात कमरेत वाकून उभी, ओंजळ हनुवटीला लावलेली, धारेची वाट बघत.

"हे काय गं?"

"वत की."

"पेला हाय माझ्या हातात."

तिनं मान वर केली. चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. "पण तुमच्यात असंच पित्यात न्हवं?"

पहिलीपासून ती आमच्या ओंजळीत धार धरत होती. नाकात जाऊ नये म्हणून जपत होती. आणि तिला वाटत होतं, आम्हाला असंच आवडतं. पाटलांचा राग येणं सोपं होतं. हिचा राग कुठून धरावा तेच मला कळेना, आणि तो त्या सगळ्यांच्या रागाहून मोठा होता. शाळेत आम्ही दोघी एकाच गोष्टीत पास झालो होतो, ती ओसरीच्या वरून आणि मी खालून.

आईनं माझ्या हातातला पेला घेतला आणि तिच्या हातात दिला. "आमच्यात बी पेल्यानंच पित्यात, बाय," एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

पाटलाच्या लेकीनं पेला हातात फिरवून पाहिला, तोंडाशी नेला आणि थांबली. पेल्याच्या काठावरून माझ्याकडं बघत राहिली. गुरुजींनी फळा पुसला होता, पण हिला तो अजून पाठ होता.

मी चांगला वेळ लावला. एवढा वेळ मी पंतप्रधानालाही लावला नव्हता. तिचा घसा कोरडा पडलेला दिसत होता, तरी ती थांबून होती.

मग मी म्हणाले, "पाणी प्या."