वाणवळ्यातल्या साठ गोळ्या

चांगुणाबाईंच्या घरात देव नव्हते. भिंतीवर बुद्धांची एक तसबीर आणि खालच्या फळीवर वह्यांची चळत, एवढंच. पण वहीतल्या आकड्याला मात्र त्या देवाला भ्यावं तशा भ्यायच्या. छप्पन सालानंतर वडिलांनी हट्टाने शाळेत घातलं, सातवीपर्यंत शिकवलं, आणि सांगितलं होतं, "पोरी, लिव्हाया शिकलीस, आता खरं लिव्ह." बापाचा हा एवढाच वारसा. तिसगावच्या दवाखान्यात वीस वर्षं मलमपट्टी आणि नोंदी करताना बाईंनी तो जिवापाड जपला.

शहाण्णव साली तिसगावात एक नवलाची गोष्ट झाली. एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या चार औषध कंपन्यांनी मिळून एक अभ्यास काढला. नवं औषध सापडल्यापासून ते माणसाच्या हातात पडेपर्यंत दहा-बारा वर्षं जातात, आणि त्यातली बरीचशी माणसांवरच्या चाचण्या फसल्यामुळे वाया जातात. त्या का फसतात, हे शोधायचं होतं. त्यासाठी गुडघेदुखीची एक गोळी निवडली. गुडघे हवेत म्हटल्यावर पाथर्डी तालुक्यासारखी जागा नाही. इथल्या माणसांनी अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या उसात वाकून काढलेलं. पुण्याहून डॉक्टर माधुरी आल्या, बेचाळीस माणसं निवडली, आणि दर पंधरा दिवसांनी वाड्यावस्त्यांवर जाऊन गोळ्या देण्याचं, रिकामी पाकिटं मोजून आणण्याचं काम चांगुणाबाईंच्या गळ्यात पडलं. गळ्यात कसलं, त्यांनी ते हौसेनं मागून घेतलं.

अट सगळ्यांना आधीच समजावली होती. निम्म्यांना औषधाची गोळी, निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी. कुणाला कुठली, ते बाईंनाही ठाऊक नाही. शेवटी ज्यांची नुसती निघेल, त्यांना खरं औषध फुकट.

"माजी खरीच हाय," दगडाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली. "गिळली का आतून गरम लागतंय."

दगडाबाई दोन कोसांवरच्या वस्तीवर राहायची. तीस गळीत हंगाम तिने कोपरगावकडे ऊस तोडला होता. आता मुलगा-सून जायची आणि ही मागे घर राखायची. चांगुणाबाई लसीच्या डब्या घेऊन या वस्तीवर पहिल्यांदा आल्या, तेव्हा हिच्या सासूने त्यांना ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं. सासू गेल्यावर बाई पुन्हा आल्या, तर दगडाबाईने भरला तांब्याच पुढे केला. त्या तांब्याबद्दल दोघी पुढे कधी बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून चांगुणाबाई तिला आक्का म्हणू लागल्या.

आक्काची नोंद वहीत सगळ्यात देखणी. तीस गोळ्या दिल्या, पाकिटातली तीसच्या तीस घरं रिकामी. चांगुणाबाईंना तिचा कोण अभिमान! डॉक्टर माधुरींना दाखवायच्या, "मॅडम, ह्याला म्हनत्यात पेशंट."

दोन महिन्यांनी एका फेरीहून चांगुणाबाई परत निघाल्या तेव्हा आक्काने हुलग्यांचं गाठोडं त्यांच्या काखेत मारलं. "वानवळा हाय. घरी जाऊनच सोड."

चांगुणाबाई वाटभर गाठोडं सांभाळत चालल्या. रानात पहिलं काही पिकलं की त्यातलं थोडं आपल्या माणसांना पोचवायचं, तो वाणवळा. तो लेकीला जातो, बहिणीला जातो. सरकारी-निमसरकारी कामाला आलेल्या बाईला कोणी वाणवळा देत नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या भरात त्यांचा स्वतःचा गुडघाही दुखायचं विसरला.

घरी येऊन त्यांनी हुलगे सुपात ओतले, तर मधून एक चिंधी निघाली. चिंधीत गोळ्या. मोजल्या. साठ.

दुसऱ्याच दिवशी त्या पुन्हा वस्तीवर हजर.

"आक्का, हे काय?"

"तुज्या गुडघ्याला," दगडाबाई गोवऱ्या थापता थापता म्हणाली. "सकाळची मी घेती, सांजची तुला ठिवती. लंगडत येतीस, लंगडत जातीस. मला काय दिसत न्हाई व्हय?"

"अगं पर त्या तुज्या हायत!"

"मग? पिकंल ते येकटीनंच खायाचं का?"

रागवायला आलेल्या चांगुणाबाईंना रागवता येईना. गेली दोन वर्षं त्यांचा डावा गुडघा दुखत होता. दवाखान्यात डॉक्टर होते, कंपाउंडर होता, पुण्याच्या मॅडम होत्या. बेचाळीस माणसांच्या चौऱ्याऐंशी गुडघ्यांची नोंद वहीत होती. वही धरणारीचे दोन कुणी विचारले नव्हते.

आता पंचाईत अशी, की खरं लिहिलं तर आक्काचं नाव बहुधा कटणार. नाव कटलं की गोळी गेली, तपासणी गेली, शेवटचं फुकट औषधही गेलं. आणि लिहिलं नाही तर साठ गोळ्यांचं खोटं वहीत कायमचं बसणार. चिंधी फळीवर ठेवून त्यांनी दोन दिवस काढले. जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाऊन त्यांनी चिंधी टेबलावर सोडली आणि सगळं सांगून टाकलं.

"मॅडम, पानउतारा करायचा तर माजा करा. पाकिटं मी मोजली, पोटं न्हाई मोजली. पर आक्काचं नाव काडू नका."

डॉक्टर माधुरींनी गोळ्या मोजून पाहिल्या. मग म्हणाल्या, "चांगुणाबाई, नाव का काढायचं? चाचण्या कुठे फसतात हेच तर शोधायला आलोय आपण. मला सांगा, असं आणखी किती घरांत असेल?"

बाई पुन्हा बेचाळीस घरं फिरल्या. पण आता त्यांनी 'गोळ्या घेतल्या का?' असं विचारलंच नाही. त्याला सगळे व्हयच म्हणायचे, ताईचं मन कशाला मोडा? त्यांनी विचारलं, "वानवळा कुनाकुनाला दिला?" आणि माणसं कौतुकानं सांगू लागली. कुणी नवऱ्याला, कुणी विहिणीला. छबूबाईने एसटीच्या कंडक्टरच्या हाती माहेरी धाडल्या होत्या. आसाराम तर लंगड्या बैलाला भाकरीतून चारत होता, आणि बैलाला गुण आलाय म्हणत होता. बेचाळीसांपैकी एकोणीस!

डॉक्टर माधुरी बैलाला हसल्या, मग हसता हसता थांबल्या. निम्मंच औषध पोटात गेलेल्या माणसांवरून औषध निकामी ठरतं, आणि वर्षं फुकट जातात. चार कंपन्यांना पाठवलेल्या अहवालात चांगुणाबाईंचा प्रश्न जसाच्या तसा गेला, आणि शेजारी त्यांचं नाव. त्याच दिवशी मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "आता पाय पुढे करा. हे मला आधीच दिसायला हवं होतं."

पुढचे चार महिने आक्काने गोळ्या बाईंच्या धाकानं घेतल्या. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कुणाला कुठली गोळी होती, ती यादी उघडली. दगडाबाईची गोळी नुसतीच होती. औषध त्यात कणभर नव्हतं.

चांगुणाबाई खऱ्या गोळ्या घेऊन वस्तीवर गेल्या. आक्काने दारातच विचारलं, "मग? खरीच हुती का न्हाई?"

बाईंना पहिल्यांदाच वाटलं, एकदा खोटं बोलावं. या म्हातारीने आपल्या वाट्याचा अर्धा उतार काढून त्यांना दिला होता, असं तिला वाटत होतं; तेवढं तिचं राहू द्यावं. पण जीभ वळेना. सांगितलं. "न्हाई आक्का. नुसतीच हुती."

दगडाबाईचा चेहरा उतरला. गुडघा धरून ती खाली टेकली. "म्हंजे तुला मी खोटंच दिलं व्हय गं?" सहा महिने आपण फुकट गिळलं, हे तिच्या मनातही आलं नाही.

चांगुणाबाईंनी नव्या पाकिटातली एक गोळी काढली, तांब्या उचलला आणि तिला समोर बसून गिळायला लावली. गोळी घशाखाली उतरली तशी आक्का भिंतीला धरून उठली, आत गेली. कणगीत हात घालून चाचपडत राहिली. बाहेर आली ती पदरात शेरभर बाजरी घेऊन.

"पदराचा वटा कर," ती म्हणाली. चांगुणाबाईंनी पदर पसरला. तिने ओंजळीओंजळीनं बाजरी त्यात ओतली आणि आपल्या पदराला चिकटलेले शेवटचे दाणेही झटकून दिले.

"घे. ह्ये माज्या रानातलं हाय. ह्यात खोटं काय न्हाई."