बाळ कुठे ठेवलं?

गोठा मांडून झाला होता. योसेफ होता, मरिया होती, एका शिंगाचा बैल होता, मान जराशी वाकडी चिकटवलेला मेंढपाळ होता. बाळ येशू तेवढा नव्हता. चोवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत तो गोठ्यात नसतोच. पण या वर्षी तो आहे कुठे, हेच कुणाला माहीत नव्हतं. जिला माहीत असायला हवं, तिलाही नाही.

तिला सगळे कात्री म्हणत. पडदे आणि गणवेश शिवणाऱ्या दुकानात ती कापड बेतायची आणि कापायची. नाव दुकानाच्या मास्तरांनी पाडलं. हातावरून पाडलं की जिभेवरून, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. घरीही तेच चिकटलं. सासूबाई रागावल्या की तेवढं 'सूनबाई' म्हणत.

घरची रीत अशी. नाताळ संपला, गोठा खोक्यात गेला, की बाळ वेगळं काढायचं आणि लपवायचं. दर वर्षी नवी जागा. ज्यानं लपवलं त्यानंच पुढच्या चोवीस तारखेला दिवे लागताना ते आणून ठेवायचं. वर्षभर कुणी विचारायचं नाही. शोधायला मात्र मुभा. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात सासूबाईंनी ते बोटभर बाळ तिच्या ओंजळीत ठेवलं होतं. "हे आता तुझ्याकडे," म्हणाल्या. कपाटाच्या किल्ल्या त्यांनी त्यानंतर कित्येक वर्षं दिल्या नाहीत.

या वर्षी मध्येच ताप आला आणि डोक्यात चढला. मेंदूला सूज आली. ती वाचली, याचंच सगळ्यांना नवल वाटलं. पण वाचली ती थोडी उसवून. लग्न आठवत होतं. लेकीचा पहिला दात आठवत होता. गेल्या नाताळात टेबलावर घातलेलं पांढरं कापड आठवत होतं. त्याच्यापुढे एकदम हॉस्पिटलचं छत.

"मधलं हळूहळू येईल," डॉक्टर म्हणाले होते. "नाही आलं तर नाही."

"म्हणजे मी काय समजायचं?"

"बरी झालात, असं समजायचं."

ती बरी झाली होती. भिंत न धरता चालत होती, भाजी चिरत होती, नवऱ्याशी भांडत होती. फक्त मधूनच भांडण कशावरून सुरू झालं ते विसरायची. नवऱ्याची त्याला काही हरकत नव्हती.

मास्तरांचा निरोप आला होता. नव्या वर्षात कामावर ये, पडद्यांचं मोठं काम आलंय. तिनं हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. एका सकाळी चहा गाळताना ती नवऱ्याला म्हणाली, "मी एक ठरवलंय. बाळ कुठे ठेवलं ते मला आठवलं तर दुकानात जायचं. नाही आठवलं तर कात्रीला हात लावायचा नाही."

"हा कुठला हिशोब?"

"कापलेलं कापड परत जोडता येत नाही, अहो. डोक्याचा भरवसा नसेल तर हात कशाच्या जोरावर चालवू?"

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली. त्यानं खरंच कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. भिंतीपलीकडे सासूबाई होत्या. दाराशी बूट घालत लेक होती.

चोवीस तारखेच्या सकाळी तिनं दोरा काढायला शिलाई मशीनचा ड्रॉवर उघडला. रिळांच्या मागे निळ्या अस्तराची चिंधी होती. चिंधीत बाळ होतं.

ती खुर्चीवर बसली. आणि तिला आठवलं. सगळं आठवलं. ड्रॉवर अडला होता. तिनं तो गुडघ्यानं ढकलला होता. खिडकीतून ऊन मशीनच्या चाकावर आलं होतं. चिंधीची एक कड दातानं फाडली होती, तिची चवसुद्धा जिभेवर आली.

"सापडलं," ती म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "आठवलं मला."

नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आला. तिनं ऊन सांगितलं, गुडघा सांगितला, दात सांगितले. तो ऐकत राहिला. फेस सुकत चालला होता. "बरं झालं," तो म्हणाला, आणि पुन्हा आत गेला. तिनं तेवढ्यात मास्तरांना फोन केला. येते म्हणाली. मास्तर म्हणाले, "ये. टेबल तुझंच आहे, कुणी हलवलेलं नाही."

दुपारी केकसाठी साखर हवी होती. ती डब्याकडे वळली तशा सासूबाई उठल्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या बसल्या जागी पाणी मागतात, त्या उठल्या.

"साखर मी काढते. तू बस."

"राहू द्या आई, हे काय हाताशी आहे."

"दमशील गं."

"साखर काढून?"

तिनं डबा उघडला. वरच, साखरेत पाय रोवून, बाळ उभं होतं.

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

कात्रीनं सकाळचं बाळ आणलं आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली. दोन्ही एकाच साच्यातली. मग तिला सुचलं ते सकाळीच सुचायला हवं होतं. घरच्या बाळाच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. नवऱ्यानं लहानपणी तो चावून तोडला होता. या दोघांचे अंगठे शाबूत होते.

"अहो," तिनं हाक मारली. "बाहेर या. दाढी झाली असेल."

तो आला. टेबलाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "आई, तूसुद्धा?"

"मला काय माहीत तू घेतलंस? नवीन दिसू नये म्हणून मी त्याला बुटाचं पॉलिश चोळलं."

"मी चहात बुडवून ठेवलं होतं. रात्रभर."

लेक दारात उभी होती. तिनं हळूच खिशातून तिसरं बाळ काढून टेबलावर ठेवलं. त्याला अंगठा नव्हता. नखं घासायच्या कानशीनं तिनं तो घासून टाकला होता. पण डाव्या हाताचा.

"मी अजून लपवलं नव्हतं," ती म्हणाली. "जागा सुचेना."

"निदान हात तरी बरोबर धरायचास," आजी म्हणाली.

लेकीला हसू आलं. बापालाही आलं. कात्री हसली नाही. रागावलीही नाही. रागवायला काय झालं ते आधी समजावं लागतं.

"मग मला आठवलं ते काय होतं?" तिनं विचारलं.

नवऱ्यानं आपलं बाळ उचललं आणि पुन्हा टेबलावर ठेवलं.

"ऊन होतं. गुडघा होता. चिंधी मी दातानं फाडली."

"चिंधी मी फाडली," नवरा म्हणाला. "पण ड्रॉवर अडतो हे खरं आहे. तू गुडघ्यानं ढकलतेस हेही खरं. ऊन तर रोजच येतं तिथं."

"म्हणजे खरंच आठवलं, पण झालंच नव्हतं?"

"तसं नाही."

"मग कसं?"

तिनं फोन उचलला. मास्तरांना नाही म्हणून सांगायचं होतं.

"काय करतेस?" सासूबाईंनी विचारलं.

"येत नाही म्हणून सांगते. माझं डोकं मलाच बनवतंय, आई."

"सकाळी येते म्हणालीस, ते आठवतंय?"

"आठवतंय."

"ते तरी खरंच म्हणालीस ना? का तेही तुला नुसतं वाटतंय?"

"म्हणाले."

"मग दिलेला शब्द आठवतोय तेवढं बास झालं, सूनबाई. केक कर."

फोन तिनं ठेवला. पटलं म्हणून नाही. 'सूनबाई' म्हटल्यावर वाद घालायचा नसतो म्हणून.

दिवे लागताना प्रश्न आला, गोठ्यात कुठलं ठेवायचं. ज्यानं लपवलं त्यानं ठेवायचं ही रीत. लपवणारे दोन होते, तिसरी लपवायच्या बेतात होती. शेवटी तिघांनी आपापलं ठेवलं. एवढ्याशा गव्हाणीत तीन बाळं दाटीनं निजली. एकाला चहाचा वास होता. योसेफ आधीच जरा गांगरलेला दिसायचा, आता त्याला कारणही मिळालं. कात्री लांब खुर्चीवर बसून पाहत होती. इतक्या वर्षांत तिच्या हातात पहिल्यांदाच काही नव्हतं.

नवं वर्ष लागलं. ती दुकानात गेली. शब्द दिला होता म्हणून गेली, डोक्याचं काही ठरलं नव्हतं. टेबल होतं तसंच होतं. खडूचे तुकडे डबीत होते. तिच्या खुंटीवर तिचा ॲप्रन होता, खांद्यांवर धूळ बसलेला. तिनं तो झटकला. काहीतरी खट्कन टेबलाच्या पायाला लागलं.

खिशात हात घातला. बाळ होतं. उजव्या हाताला अंगठा नव्हता.

ती तशीच उभी राहिली. लेक सगळं घर धुंडाळते, म्हणून इथं आणलं असेल. असं असावं. पण हे ती जुळवत होती, आठवत नव्हतं. तिनं डोळे मिटले. ॲप्रन, खुंटी, खिसा, एकेक मनाशी उच्चारून पाहिलं. ऊन आलं नाही. चव आली नाही. जे घडलंच नव्हतं ते लख्ख दिसलं होतं, आणि जे घडलं ते हातात असूनही त्याचा मागमूस नव्हता.

आठवलं असतं तर दुकानात यायचं होतं. दुकानात आली नसती तर हे सापडलं नसतं. यातलं कुठलं टोक कुठे शिवायचं ते तिला कळेना.

"कात्री," आतून मास्तरांनी हाक मारली. "पडद्यांचं माप माहीत आहे ना? तुला गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलं होतं."

"सांगितलं असेल," ती म्हणाली. "पुन्हा सांगा. नाहीतर नको, कागदच द्या."

बाळ तिनं परत खिशात टाकलं, ॲप्रनची गाठ मारली आणि टेप उलगडला.