तोंडावर पडलेला रेडिओ

रेडिओकाकूंकडे कुणी बिघडलेला रेडिओ घेऊन आलं, की त्या आधी रेडिओकडे बघतच नसत. माणसाला स्टुलावर बसवत आणि विचारत, "चांगला होता तेव्हा कसा वाजायचा?" लोक गोंधळत. रेडिओ वाजायचा तसा वाजायचा, त्यात सांगायचं काय? पण काकू हटून बसत. आवाज भारदस्त की चिरका, बोलणं उठून यायचं की गाणं, सगळं वदवून घेतल्याशिवाय त्यांच्या हातात पान्हा-पेचकस येत नसे. नुसता वाजता करणं कुणालाही जमेल, ज्याचा आहे त्याला 'हाच तो' असं वाटलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं.

काकूंची उमेदीची वर्षं रेडिओच्या कारखान्यात तारांना सोल्डरिंगचे डाग देण्यात गेली. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा बरोबरीच्या बायका रडत घरी गेल्या. काकूही रडल्या, पण घरी येऊन त्यांनी जेवणाचं टेबल खिडकीखाली सरकवलं आणि त्यावर आपली हत्यारं मांडली. तेव्हापासून त्या घरात ताट मांडीवर घेऊनच जेवतात. काका निवृत्त बस ड्रायव्हर, इंजिनाशेजारी बसून बसून कान गेलेले. घरात इतके रेडिओ आणि ह्यांना एकही धड ऐकू येत नाही, म्हणून तर संसार टिकला, असं काकू त्यांच्यासमोरच म्हणत. काका मान डोलवत. ऐकू आलं म्हणून की न आलं म्हणून, देव जाणे.

एका दुपारी ड्यूटीवरून थेट एक नर्सबाई खोकं घेऊन आल्या. आत त्यांच्या वडिलांचा रेडिओ होता, लाकडी पेटीचा, आत दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह असलेला. स्टुलावर नीट टेकायच्या आतच त्यांनी सगळं भडाभडा सांगितलं. वडील आजारी होते तेव्हा त्यांना सुट्टी मिळाली नाही. पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि दारातच मोठा भाऊ म्हणाला, "आता कशाला आलीस?" त्या दिवसापासून बोलणं बंद. रेडिओ तेवढा हवा होता म्हणून मामेबहिणीकरवी निरोप धाडला, आणि भावाने तो पार्सल केला. आला तो असा.

पेटीचा कोपरा उचकटलेला, तबकडीच्या काचेला तडा, आत काहीतरी खुळखुळत होतं. बाईंनी सगळ्याचे फोटो काढून ठेवले होते. "दुरुस्त होणार नसेल तर स्पष्ट सांगा," त्या म्हणाल्या. "हे फोटो त्याला पाठवते आणि एकदाचं नातं तोडून टाकते. मुद्दाम केलंय त्याने. बाबांचा स्वेटर बघा, चिंधीसारखा आत कोंबलाय."

त्या गडबडीत काकू आपला नेहमीचा प्रश्न विचारायच्याच विसरल्या. दोन दिवसांनी या, एवढंच म्हणाल्या, आणि तोवर फोटो कुणाला पाठवू नका. त्यांना स्वतःला भाऊ नव्हता. असलेला भाऊ कुणी असा टाकून द्यायला निघालं की त्यांचा जीव तुटायचा.

पेटी उघडल्यावर काकू बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी काकांनाही बोलावून दाखवलं. काकांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण काकूंचा चेहरा वाचता येत होता. त्यांनी न सांगता चहा टाकला.

नर्सबाई आल्या तेव्हा काकूंनी सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. एव्हाना त्या अहो-जाहोवरून अगं-तुगंवर आल्या होत्या.

"हे बघ. त्याने एकेक व्हॉल्व्ह उपसून काढला, वेगळा गुंडाळला. प्रत्येकाला निराळ्या रंगाचा दोरा बांधला, आणि तो जिथला, तिथे खालीही तसाच दोरा. एकही काच फुटलेली नाही. मुद्दाम मोडणारा माणूस इतका वेळ घालवत बसत नाही गं."

"मग हे कशाने झालं?"

"स्वेटरने. आतली पोकळी बघून त्याला धास्ती वाटली असणार. घरातलं सगळ्यात मऊ कापड घेतलं आणि मागून ठासून भरलं. पण स्पीकरचा कागद हलायला मोकळा लागतो, हे त्याला कुठून माहीत असणार? खोकं तोंडावर आपटलं आणि स्वेटरनेच कागद फाडला. अति तिथे माती, दुसरं काय."

बाई स्वेटर मांडीवर घेऊन त्याची बाही सरळ करत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, हा वाजेल का?

काकूंनी तो वाजता केला. निखळलेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा जागी कसला, कोपरा सरस लावून शिकंज्यात धरला. फाटलेल्या कागदाला पातळ डिंकाने झिरझिरीत कागदाची ठिगळं लावली, इतकी हलक्या हाताने, की काका तेवढा वेळ पंखा बंद करून घामाघूम बसून राहिले. पहिल्यांदा वीज द्यायची तर तारेत मध्ये एक बल्ब जोडायचा, ही काकूंची जुनी रीत. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि रेडिओ वाचतो. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. मग व्हॉल्व्ह तांबूस झाले, आणि आतून एक बाई बातम्या सांगू लागली. या कामात जन्म गेला तरी त्या क्षणी काकूंचे डोळे भरून येत, आणि त्यांना त्याची लाज वाटत नसे.

नर्सबाई न्यायला आल्या तेव्हा काकूंना विसरलेला प्रश्न आठवला. ठिगळ लावलेल्या कागदाचा आवाज बदलतो, आणि कितपत बदललाय ते जुना आवाज ठाऊक असलेल्यालाच कळणार. कसा वाजायचा हा?

बाईंना सांगता येईना. त्या शिकायला म्हणून लहान वयातच घराबाहेर पडल्या होत्या. बाबांशेजारी बसून रोज ऐकणारा भाऊच.

"मग त्याला विचार," काकू म्हणाल्या. "त्याशिवाय मी मागचं झाकण लावत नाही."

बाईंनी फोन काढला, पुन्हा पर्समध्ये ठेवला, पुन्हा काढला. काकूंनी रेडिओ लावला आणि उगीचच टेबल पुसायला घेतलं. शेवटी फोन लागला.

"दादा, मी बोलतेय. बाबांचा रेडिओ दुरुस्त झालाय. कसा वाटतो ते सांग." एवढं एका दमात म्हणून त्यांनी फोन लाऊडस्पीकरवर टाकून रेडिओपुढे धरला.

पलीकडून दादा म्हणाला की फोनवर नीट कळत नाही. त्यावर काकू मोठ्याने म्हणाल्या की कसं कळेल, फोटोतला चहा कुणी प्यायलाय का?

"चिमे," दादाचा आवाज आला, "मी येऊ का ऐकायला?"

"ये," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन कानाला लावला.

काकूंनी रेडिओ बंद केला नाही. आवाज तेवढा कमी केला आणि काकांना दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं, कारण त्या बहीण-भावाला अजून बोलायचं होतं.