गुडघ्यांचा शेक आणि एक लाख वाती

मी माझ्या नातीच्या कॉम्प्युटरवर सबंध हिवाळा गुडघे शेकले. तो जितका जास्त तापे, तितकी मी जास्त खूश होई. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी.

तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची होते. म्हणजे तसं अडाणीच वय. गेल्या चार वर्षांत थोडी अक्कल आली आहे. पण तेव्हाची ती बाई आठवली की तिला समोर बसवून विचारावंसं वाटतं, बाई गं, एखादं यंत्र तुला रोज फुकटचा शेक देऊन राह्यलंय, तर ते का, असं एकदाही आलं नाही का तुझ्या मनात?

मुलगा आणि सून त्या वर्षी पुण्याहून गावी परतले आणि वाटूर फाट्यावर त्यांनी ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं. दोघंही सकाळी जात ते दिवेलागणीला येत. घरात मी आणि नववीतली नात. इथल्या शाळेतल्या मुली तिच्या पुणेरी बोलण्याची नक्कल करत, म्हणून पोरीनं बोलणंच टाकलं होतं. जेवताना "आजी, बास" एवढे दोन शब्द. पण संध्याकाळी पाच वाजले की ती कानाला ते मोठे हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढं बसे, आणि मग तिचा आवाज ऐकावा. पुण्यातल्या चार मैत्रिणी तिकडून, ही इकडून, पाचजणी मिळून एक गेम खेळत. "मागून ये, मागून", "अगं, मला उचल ना", "मेले, मेले", आणि मग खदाखदा हसणं. दिवसभरातलं तिचं हसणं तेवढंच. ते ऐकायला मिळावं म्हणून मी माझी चटई त्या खोलीत टाकली.

हे एक खरं कारण झालं. दुसरं खरं कारण असं, की तो काळा पत्र्याचा डबा टेबलाखाली जमिनीवर असे, आणि खेळ सुरू झाला की त्याच्या मागच्या जाळीतून गरम वारा येई. मी डब्याला खेटून बसे. गुडघे मागच्या जाळीशी आणि कापसाची टोपली डब्याच्या पुढच्या तोंडाशी.

कापूस अशासाठी, की मी लाख वातींचा नवस बोलले होते. पोरीचा जीव इथं रमू दे, एक लाख वाती वळून देवापुढं लावीन. आपल्याच शेतातला वेचणीचा कापूस. त्यातली सरकी काढायची, बोटांनी पिंजायचा, बोटाला जराशी राख लावून वात वळायची, आणि मोजायची. मनात मोजलं की माझं चुकतं, म्हणून मी मोठ्यानं मोजे. "एकशे सहा, एकशे सात." नातीनं एकदा मान वळवून सांगितलं, "आजी, हळू मोज ना, तिकडं ऐकू जातं." मग दोन दिवस मी कुजबुजत मोजलं. तिसऱ्या दिवशी विसरले.

पिंजताना कापसाचे बारीक तंतू हवेत उडत आणि कुठंतरी जात. कुठं जात, हा प्रश्न मला पडला नाही. खोली झाडायला घेतली की केर फार थोडा निघे. मी मनात म्हणे, वय झालं तरी किती सफाईनं काम करतो आपण.

संक्रांत झाली आणि तो डबा बंद पडायला लागला. खेळ ऐन रंगात आला की पडदा काळा होई, आणि डबा आपला आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तेवढ्यात तिकडं चौघी हरलेल्या असत.

मुलगा म्हणाला, "लाइटीचं काम हाय." त्यानं स्टॅबिलायझर आणून लावला. काही फरक पडला नाही. मग डबा उचलून जालन्याला नेला. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं डबा न उघडताच त्यातले सगळे प्रोग्राम पुसून नव्यानं भरून दिले, पाच मिनिटं चालवून दाखवलं आणि "बराबर आहे" म्हणून परत पाठवलं. दोन दिवसांत पुन्हा तेच. मग मुलगा एका वाक्यावर येऊन बसला, तो उठेना. "गेम खेळून खेळून मशीन जाळलं पोरीनं. आता पुन्हा बंद पडलं ना, तर देऊनच टाकतो कुणाला तरी."

पोर बापाला उलटून बोलली नाही. पण त्या संध्याकाळी मी तिला मैत्रिणींशी बोलताना ऐकलं. "नाही गं, या वेळी नाही बंद पडणार. रविवारच्या मॅचला दुसरी कुणी नका घेऊ. घ्या ना मला."

ते "घ्या ना मला" ऐकून माझ्या बोटातली वात तशीच राहिली. त्या दिवशीची मोजणी पुन्हा एकपासून करावी लागली.

पोर मात्र रडत बसली नाही. वहीत लिहून ठेवायला लागली. अभ्यासाला तीन तास चालवला, बंद पडला नाही. सिनेमा पाहिला, पडला नाही. गेम लावला की वीस मिनिटांत पडतो. लगेच पुन्हा लावला तर पाचच मिनिटांत. अर्धा तास विश्रांती दिली तर परत वीस मिनिटं.

"आजी, लाइटीचं असतं तर अभ्यास करतानाही बंद पडला असता," ती म्हणाली. "हा तापतोय. फार तापला की स्वतःला वाचवायला बंद होतो."

मला वाटलं, तापतो तर खराच, मला काय माहीत नाही का?

तिनं पडद्याच्या कोपऱ्यात उष्णतेचा आकडा आणून ठेवला. "मला खेळताना तिकडं बघता येत नाही. तू वाचत राहा."

सातवी पास बाईला एवढं काम मिळालं म्हणून मी सरसावून बसले. "अठ्ठ्याहत्तर."

"हं."

"चौऱ्याऐंशी. एक्क्याण्णव. अगं, एवढा ताप? मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवू का ह्याच्यावर?"

"आजी, हात लावू नकोस. पाणी तर अजिबात नको."

"सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्..." पडदा काळा.

आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच क्षणी माझ्या गुडघ्यांना त्या हिवाळ्यातला सगळ्यात झकास शेक लागत होता.

रविवारी सकाळी तिनं प्लग काढला, डबा टेबलावर घेतला आणि बाजूचा पत्रा उघडला. संध्याकाळी मॅच होती. आत एक पंखा, आणि पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची जाळी. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर मळकट पांढरा थर बसला होता, जुन्या गादीतल्यासारखा.

"बाप रे, किती ही धूळ," नात म्हणाली. "पुण्यात एवढी नव्हती."

मी चिमूट घेतली. बोटांना जन्माची सवय, त्यांनी मला न विचारता ती वळली. छान वात झाली. मी ती पदरात लपवली.

तेवढ्यात मुलगा चहाचा कप घेऊन दारात आला. "बघितलं? काय हाल केले मशीनचे. चार चार घंटे खेळलं म्हंजे हेच व्हणार."

नात खाली मान घालून थर काढत राहिली. मी विचार केला, गप्प बसावं. पोर लहान आहे, बोलणी खाऊन विसरेल, आपण या वयात कुठं खाणार. खरंच असा विचार केला मी. मग ते "घ्या ना मला" आठवलं, आणि पदरातली वात काढून मी मुलाच्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"वात."

"ते दिसून राह्यलं, माय. कुठली?"

"कॉम्प्युटरातली. मी इथं बसून कापूस पिंजते, ह्यो पुढून ओढून घेतो. पोरीचा काही दोष न्हाई. आन् तू रे? दिवसभर लोकांना सांगतोस, ठिबकला पाणी येईना तर आधी फिल्टर धुवा. घरात एकदा तरी उघडून बघितलंस?"

त्यानं वात उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "मंग तू रोज इथं कापूस घेऊन बसतीस तरी कशाला?"

"गुडघे शेकायला."

"आन् मला वाटलं, पोरीवर ध्यान ठेवायला बसतीस." त्यानं चहा तसाच ठेवला आणि दुकानातून फिल्टर घासायचा मऊ ब्रश आणायला गेला.

नात माझ्याकडं बघत होती. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी तयारीत होते. तिनं एवढंच विचारलं, "आजी, नवस कशाचा होता?"

"गुडघ्यांचा," मी खोटं सांगितलं.

पंखा गरगरून बिघडू नये म्हणून तिनं त्याचं पातं बोटानं धरलं. बापानं ब्रश फिरवला, मी सायकलच्या पंपानं हवा मारली. मूठभर कापूस निघाला. डबा लावला, गेम सुरू केला. आकडा सत्तरवर गेला, एकाहत्तरवर गेला आणि तिथंच थांबला. मुलगा दहा मिनिटं त्या आकड्याकडं बघत उभा राहिला आणि मग दुकानात गेला.

संध्याकाळी मी चटई, टोपली उचलून बाहेर ओट्यावर बसले. थंडी होती, गुडघे कुरकुरत होते. मोठ्यानं मोजलं नाही, त्यामुळे दोनदा चुकले. कान आत होते. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. "मागून ये, मागून" चालूच होतं. मग एकदम हसणं ऐकू आलं, आणि थोड्या वेळानं नात हेडफोन गळ्यात अडकवून दारात आली.

"आजी, तिकडच्या पोरी विचारून राह्यल्यात, मोजणारी बाई कुठं गेली. आत ये. कापूस बाहेर ठेव आणि नुसतं मोज."